ओपलला शाळेत घालताना

मूल पाच वर्षांचं झालं की त्याला घराजवळच्या शाळेत घालावं, एवढीच माझी योजना होती. तिला योजना म्हणणंही जरा जास्तच झालं. व्हिटबी शाळा आमच्या घरापासून इतकी जवळ आहे की मधल्या सुट्टीतला गलका स्वयंपाकघरात ऐकू येतो. आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज फारसा नसतो, त्यामुळे तो मला बरा वाटायचा. ओपलला तिथं घालावं, सकाळी हात धरून सोडावं, दुपारी हात धरून आणावं. या कामाला बैठका लागतील, आणि माझ्या मुलीचा फोटो काठीला बांधून भर रस्त्यात फिरवला जाईल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तिला सरळ आणखी एक वर्ष घरी ठेवलं असतं.

सगळं सुरू झालं ते गल्लीच्या बैठकीत. पश्चिम फिलाडेल्फियात प्रत्येक गल्लीला एक कप्तान असतो. तो निवडून येतो म्हणतात. आमच्याकडे मिस व्हर्नेल माझ्या जन्माआधीपासून कप्तान आहेत आणि निवडणूक झाल्याचं कुणाला आठवत नाही. झाडलोट कधी, गल्लीतली जत्रा कधी, कचऱ्याचा डबा दिवसभर बाहेर ठेवणाऱ्याला काय बोलायचं, हे सगळं त्या आपल्या दाराच्या पायऱ्यांवर बसून ठरवतात. त्या संध्याकाळी झाडलोटीचा दिवस ठरत होता. मध्येच ब्रिजेटनं मला सहज विचारलं, "डेल्फीन, ओपल या वर्षी कुठे?"

"व्हिटबीत," मी म्हणाले.

झाडलोटीचा विषय तिथंच संपला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

इथं थोडं सांगायला हवं. आमची गल्ली पूर्वी सगळी आम्हा काळ्यांची. गेल्या काही वर्षांत बरीच गोरी कुटुंबं आली. ब्रिजेट त्यांतलीच. माणसं चांगली आहेत. कुणाच्या घरी कुणी वारलं तर शिजवलेलं घेऊन येतात, बर्फ पडला की म्हाताऱ्यांच्या पायऱ्या साफ करतात. त्यांच्या खिडक्यांत पाट्या आहेत, की या घरात सर्व वंशांच्या, सर्व धर्मांच्या माणसांचं स्वागत आहे. फक्त मुलं शाळेच्या वयाची झाली की सकाळी गाडीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. व्हिटबीत सगळी मुलं काळी. पाटीत शाळेबद्दल काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तिला खोटी म्हणता येत नाही.

"म्हणजे तू पाहून आलीस शाळा?" ब्रिजेटनं विचारलं.

"माझी आई तिथंच शिकवायची. जन्मभर पहिलीला होती."

ब्रिजेटच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी लवकर येतं, त्याला ती तरी काय करणार. "अगं, आम्हालाही आमच्या मुलीला तिथंच घालायचंय. फार मनात आहे. पण एकटीला कसं पाठवायचं?"

"एकटी?" मिस व्हर्नेल म्हणाल्या. "शाळा भरून पोरं आहेत तिथं."

"तसं नाही हो, मिस व्हर्नेल. म्हणजे... आमच्यासारखं कुणी."

"कळलं," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "शनिवारी झाडलोट. झाडू ज्याचा त्यानं आणायचा."

पण ब्रिजेटला मार्ग सापडला होता. एकट्यानं कुणी जायचं नाही, सगळ्यांनी एकदम जायचं. गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या गोऱ्या कुटुंबांनी शपथच घ्यायची, म्हणजे मुलं वर्गात एकमेकांना धरून राहतील. आणि पहिली बैठक माझ्याकडे. माझ्याकडे का, तर माझ्याकडे खुर्च्या होत्या. आईच्या मातीनंतरच्या जेवणासाठी चर्चमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. परत नेऊन देणं होत नव्हतं. रोज आज नेऊ म्हणायचे आणि रोज त्यांच्यावरची धूळ पुसून ठेवायचे. ब्रिजेट खीर घेऊन आली होती तेव्हा तिनं त्या मनात मोजल्या असाव्यात.

"नाही म्हण," टेरेन्स म्हणाला. टेरेन्स माझा नवरा. तो औषधाच्या दुकानात दिवसभर लोकांना समजावतो की गोळी जेवणानंतर घ्यायची आहे, त्यामुळे घरी कमी बोलतो.

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. गटाचं नाव 'ऐकणारे पालक' असं ठरलं. आपण या शाळेत पाहुणे म्हणून जातोय, आपण तिथं जाऊन हुकूम सोडायचे नाहीत, आपण फक्त ऐकायचं, असं ब्रिजेटनं सांगितलं. हे सांगायला तिला तासभर लागला. मग शाळेत काय काय ऐकायला आवडेल याच्या सूचना आल्या. मागच्या अंगणात भाजीचा वाफा असावा. फ्रेंच असावं. गणवेश नसावा. कुणीतरी म्हणालं, दोनचार कोंबड्या असतील तर मुलांना अंडं कुठून येतं ते कळेल. कोंबड्यांवर बराच वेळ मतं पडली. कोपऱ्यात टोबायस नावाचा गृहस्थ बसला होता. पियानो दुरुस्त करतो, बायको कामानिमित्त फिरतीवर असते, फेलिक्स नावाचा एक मुलगा आहे. त्यानं तीन तुकडे केक खाल्ला आणि जाताना खुर्ची घडी करून होती तिथं ठेवली. ऐकण्याचं काम त्या दिवशी फक्त त्यानं केलं.

मी स्वतः व्हिटबीत शिकले नाही. त्याबद्दल बैठकीत कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही. आईनं मला बसनं शहराबाहेरच्या गोऱ्यांच्या शाळेत पाठवलं. वर्गात काळी मी एकटी. गुलामगिरीचा धडा आला की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा, जसा काही धडा मीच लिहिला होता. तो चांगला शिकवला गेला तर बाई माझ्याकडे बघून हसायच्या. आई त्या वेळी व्हिटबीत दुसऱ्यांची मुलं शिकवत असायची, आणि ती मुलं आजही रस्त्यात थांबवून मला सांगतात की तुझ्या आईनं आम्हाला वाचायला शिकवलं. मग माझ्याच बाबतीत असं का, हे मला तिला विचारायचं होतं. विचारू, विचारू म्हणत होते. फेब्रुवारीत ती गेली.

ओपलकडे असं कुणी वळून बघू नये, एवढंच मला शाळेकडून हवं होतं. वाफा आणि कोंबड्या नसल्या तरी चाललं असतं.

मे महिन्यात व्हिटबीत नव्या पालकांची सभा झाली. त्याआधी ब्रिजेटनं सगळ्यांना बजावलं होतं, की आपण गोऱ्यांनी तिथं आधी तोंड उघडायचं नाही. आपली सवय असते. आधी त्या लोकांना बोलू द्यायचं. मुख्याध्यापिका रॉलिन्सबाईंनी शाळेची माहिती दिली आणि विचारलं, "कुणाला काही शंका?"

पुढच्या दोन रांगा ऐकणाऱ्या पालकांनी भरल्या होत्या. एकही बोलला नाही. मागे बसलेल्या नेहमीच्या पालकांनी पाहिलं, की हे इतके लोक हातात वह्या घेऊन गप्प बसलेत, म्हणजे काहीतरी भानगड आहे. तेही बोलले नाहीत. रॉलिन्सबाई पुन्हा म्हणाल्या, "संकोच करू नका." त्यांचा आवाज जरा बदलला होता. वरून तपासणी आली की काय असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग ऐकणारे पालक एकेक करून वळले आणि माझ्याकडे बघू लागले. गटात काळी मी एकटी. पस्तिसाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या गल्लीतल्या शाळेत, माझ्या आईच्या शाळेत, मी पुन्हा त्याच बाकावर बसले होते.

मी उठून विचारलं, "मुलांचं स्वच्छतागृह वर्गाला लागून आहे का?"

"आहे," रॉलिन्सबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर ब्रिजेटनं माझा हात हातात घेतला. "फार नेमकं बोललीस. आम्हाला सुचलंच नसतं."

आता होतं असं, की गोरी माणसं एखाद्या शाळेत घोळक्यानं जायला लागली की ती शाळा चांगली आहे असं इतर गोऱ्या माणसांना कळतं. शाळेत काही बदललेलं नसतं. तेच वर्ग, त्याच बाई, तेच गळके नळ. पण महिन्याभरात कोपऱ्यावरच्या विकाऊ घराला पाटी लागली, 'व्हिटबी शाळेच्या हद्दीत.' पलीकडच्या गल्लीतल्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले, सगळ्यांची मुलं पाच वर्षांची. मिस व्हर्नेल पायऱ्यांवर बसून सामानाच्या गाड्या बघत होत्या. "तुझ्या आईनं त्या शाळेत आयुष्य घातलं," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा कुणी पाटी लावली नाही. तू फक्त संडास विचारलास आणि घरं विकायला लागली."

मी नाव नोंदवायला गेले तेव्हा रांग होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी हद्दीतच राहते, ओपल हद्दीतच जन्मली. खिडकीतल्या बाईंनी राहण्याचा पुरावा मागितला.

"घर कुणाच्या नावावर?"

"आईच्या."

"वीजबिल?"

"तेही आईच्याच." आईच्या आजारपणात आम्ही पलीकडच्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून तिच्याकडे राहायला आलो होतो. बिल दर महिन्याला तिच्या नावानं येतं. ते बदलून घ्यायला एक फोन पुरतो हे मला माहीत आहे. पण पेटीत तिच्या नावाचं काहीतरी येतंय हे मला मोडवत नव्हतं.

"मग आईंना घेऊन या. सही लागेल."

"त्या फेब्रुवारीत वारल्या."

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग असं करा, त्यांचं पत्र आणा, की मुलगी आणि नात माझ्याकडे राहतात. नोटरी केलेलं हवं."

"त्या वारल्या आहेत."

"हो हो, ते आलं लक्षात. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तेवढ्यात जमेल त्यांना?"

मी म्हटलं, जमणं कठीण दिसतंय.

शुक्रवारी बालवर्ग भरला. नव्या भाडेकरूंचे करार त्यांच्या स्वतःच्या नावावर होते, कोरे करकरीत. 'ऐकणारे पालक' गटातल्या माझ्याखेरीज प्रत्येकाला जागा मिळाली. ओपलचं नाव वेटिंगवर गेलं आणि सोबत पत्र आलं, की दरम्यान तिच्यासाठी नदीपलीकडच्या एका शाळेत सोय करण्यात येत आहे. बस मिळेल.

बस हा शब्द वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं.

मी कुणाकडे तक्रार केली नव्हती. पण टेरेन्सनं गोळ्या देता देता कुणाला तरी सांगितलं, आणि ते ब्रिजेटपर्यंत पोचलं. ती संतापली. तिचा संताप अगदी खरा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी शिक्षण कार्यालयासमोर ऐकणारे पालक जमले. हातात काठ्या, काठ्यांवर ओपलचा फोटो आणि खाली 'ओपलला जागा द्या'. फोटो मागच्या जत्रेतला होता. बर्फाचा गोळा खाऊन ओपलची जीभ निळी झाली होती आणि ती ती दाखवत होती.

मला यायलाच हवं होतं, कारण मी आई. ओपललाही आणायला हवं होतं, कारण ती ओपल. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काठीवरचा लहान मुलीचा फोटो दिसायचा, अक्षरं वाचायला कोण थांबतं? एक म्हातारी बाई रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"धीर सोडू नकोस, पोरी. शेवटचं कुठे पाहिलं होतंस तिला?"

मी खाली बघितलं. ओपल माझ्या पायाशी बसून बुटाचा बंद सोडत होती.

"इथंच," मी म्हणाले.

"देव बघतोय," बाई म्हणाली, आणि तिनं रस्त्यातच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती संपेपर्यंत मला हात सोडवून घेता आले नाहीत. तेवढ्यात कुठल्याशा वाहिनीची मुलगी माइक घेऊन आली. तिनं ब्रिजेटला विचारलं, तुमची मागणी काय? ब्रिजेट म्हणाली, आम्ही इथं बोलायला आलेलो नाही, ऐकायला आलो आहोत. मग ती बातमी लागेपर्यंत बोलली.

"आई," ओपलनं वर बघून विचारलं, "मला एवढी माणसं का शोधतायत?"

संध्याकाळी मिस व्हर्नेलनी मला दारातच अडवलं. "दिसलीस टीव्हीवर. एवढी माणसं तुझ्या आईच्या मातीलाही नव्हती. तो कोट तुला चांगला दिसत नाही."

उन्हाळ्यातला तो पातळ कोट आईचा होता. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच त्या बोलल्या. मी कोट काढून ठेवला.

टेरेन्स म्हणाला, हातात दुसरं काहीतरी असू दे, मेडोब्रुक बघून तर येऊ. मेडोब्रुक ही खासगी शाळा. हिरवळ, जुनी झाडं, दगडी इमारती. अर्जाची मुदत हिवाळ्यातच संपली होती, पण ओपलला पाहून मुदत संपलेली नाही असं ठरलं. संचालिकाबाई गुडघ्यांवर बसून ओपलशी बोलल्या. "आमच्याकडे विविधतेला फार महत्त्व आहे," त्या मला म्हणाल्या, आणि ओपलकडे अशा बघत होत्या, जसं दुकान बंद होताना आपण काचेतल्या शेवटच्या पावाकडे बघतो. एक फोटो काढणारा आमच्यासोबत चालत होता. ओपल झाडाखाली, ओपल पुस्तकांपुढे, ओपल एका सोनेरी केसांच्या मुलीबरोबर झोपाळ्यावर. त्या मुलीला कुठूनतरी खास बोलावून आणलं होतं. ती हसून हसून दमली होती. मी विचारलं, बालवर्गात आमच्यासारखी आणखी किती मुलं आहेत?

"तिथंच तर ओपल आम्हाला मदत करू शकते," संचालिकाबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी फोन आला. जागा पक्की आणि फी पूर्ण माफ. ऑगस्टअखेर कळवा.

"घे," टेरेन्स म्हणाला. "अगं, झाडं बघितलीस ना तिथली?"

"तिला सगळे वळून बघतील."

"बघू देत. तुला बघत होते, तू काय वाईट झालीस?"

आईही असंच काहीतरी म्हणाली असती. किंवा नसती. मेलेल्या माणसाची बाजू मांडणं फार सोपं असतं, ते मध्ये बोलत नाही.

ऑगस्टात उकाडा वाढला आणि ऐकणारे पालक गळायला लागले. पहिल्या कुटुंबाला दुसऱ्या एका शाळेची सोडत लागली. सोडत लागल्यावर नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्याची जागा वाया घालवणं. दुसऱ्यांचा मुलगा फार हळवा निघाला. तिसरे उपनगरात राहायला गेले, तिथं उजेड जास्त होता. त्यांचं बघून नव्या भाडेकरूंनीही दुसऱ्या शाळा धरल्या. प्रत्येक जण मला भेटून, डोळ्यांत डोळे घालून सांगून गेला, की हा निर्णय त्यांना किती जड गेला. मी प्रत्येकाला चहा करून दिला. मी स्वतःच्या आईच्या मयताला आलेल्यांचं जेवढं सांत्वन केलं असेल, त्याहून जास्त त्या महिन्यात त्यांचं केलं.

सगळ्यात शेवटी ब्रिजेट आली, केळ्याचा केक घेऊन.

"आम्ही जागा सोडली," ती म्हणाली. डोळे भरलेले. "ओपलसाठी. रात्रंदिवस विचार केला. ज्या शाळेत तुझ्या आईनं हाडं झिजवली, तिथं आमची मुलगी बसणार आणि ओपल बाहेर? मला नाही सहन झालं ते, डेल्फीन. वेटिंगवर पहिली ओपलच आहे ना?"

"हो."

"झालं तर. तू काही बोलू नकोस."

मी काही बोलणार नव्हतेच. फक्त विचारलं, "मग तुमची मुलगी कुठे?"

"मेडोब्रुकला." तिनं केक कापायला घेतला. "आणि अगं, एक मनात आलं. तुम्हालाही तिथं जागा मिळालीय म्हणे. समज, तू ओपलला तिथंच घातलंस, तर दोघी एका वर्गात. आमचीला तेवढंच जरा वैविध्य मिळेल. मला त्याचीच एक काळजी होती त्या शाळेत."

केक चांगला झाला होता. ब्रिजेटचा केक नेहमीच चांगला होतो.

ती गेल्यावर मी मिस व्हर्नेलच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. त्या पंख्यानं वारा घेत होत्या.

"तुम्ही आईला ओळखत होतात," मी म्हणाले. "तिनं मला व्हिटबीत का नाही घातलं?"

"तिला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस? मी काय तिची वकील आहे?" त्यांनी थोडा वेळ वारा घेतला. "मी विचारलं होतं एकदा. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, व्हर्नेल, अजून ठरत नाहीये गं, बरोबर केलं की चुकलं. तू तेव्हा कॉलेजात होतीस." मग माझ्याकडे वळल्या. "ती म्हातारी होईपर्यंत तिचं ठरलं नाही. तू एका उन्हाळ्यात ठरवायला निघालीयस. शहाणीच आहेस."

तरी मी ठरवलं. फार विचार करून नाही. मला पुन्हा बस नको होती, नदीपलीकडची नको होती आणि झाडांखालची तर नकोच होती. मी पायी जाता येण्याजोगी शाळा निवडली. संध्याकाळी मेडोब्रुकला फोन करून नाही म्हटलं. संचालिकाबाई हळहळल्या, पण म्हणाल्या, माहितीपत्रक छापून झालंय, ओपलचे फोटो तर राहतीलच.

जागा सुटल्या होत्या, अडलं होतं ते घराच्या कागदावर; राहिली वारसनोंद. तीही केली. नगर कार्यालयात दिवसभर बसले. शेवटी एका तरुण माणसानं माझ्यापुढे कागद सरकवत विचारलं, "मयताशी नातं?"

"मुलगी."

"आणखी कुणी?"

"नाही. मीच."

त्यानं शिक्का मारला. घर माझं झालं, व्हिटबीत ओपलचं नाव लागलं, आणि वीजबिल आता माझ्या नावानं येतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी पटांगणात निळ्या गणवेशातली मुलं मुंग्यांसारखी पसरली होती. बालवर्गाची रांग भिंतीच्या कडेनं लागत होती. आम्ही पालक कुंपणाबाहेर. ओपलनं माझा हात सोडला आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. पुढच्या मुलीनं मागे न बघताच तिला दप्तर धरायला दिलं, ओपलनं धरलं. क्षणभर मलाच ती सापडेना. इतक्या काळ्या वेण्यांमधली माझी कुठली, हे शोधायला मला मान उंच करावी लागली, आणि मला वाटतं आयुष्यात इतकं बरं मला फार थोड्या वेळा वाटलं असेल.

"उशीर झाला का आम्हाला?" शेजारून कुणीतरी विचारलं. टोबायस होता, घामाघूम. त्याचा फेलिक्स आत पळाला. "बाकीचे गेले आत?"

"बाकीचे येणार नाहीत."

"आज नाहीत?"

"कधीच नाहीत. तुम्ही निरोप वाचले नाहीत का?"

"ब्रिजेटनं कोंबड्यांवर मत मागवलं ना," टोबायस म्हणाला, "त्याच दिवशी मी फोनवरचा तो ग्रुप बंद करून टाकला." मग त्यानं रांगेकडे बघितलं. फेलिक्सचं डोकं त्या रांगेत वाळल्या गवताच्या पेंढीसारखं दिसत होतं. पुढची मुलं वळून बघत होती. मागची बाजूला होऊन बघत होती. एकीनं त्याच्या केसांना हात लावून पाहिला.

"म्हणजे फेलिक्स एकटाच," टोबायस म्हणाला.

"हो."

"सगळे बघतायत त्याच्याकडे."

"बघणारच."

"किती दिवस बघतात?"

या प्रश्नाचं उत्तर या शहरात माझ्याइतकं चांगलं कुणी देऊ शकलं नसतं. माझ्याकडे ते तयार होतं, धार लावून ठेवलेलं, पहिलीपासूनचं. मी ते द्यायला वळले आणि टोबायसचा चेहरा बघितला. आई मला रोज सकाळी बसपर्यंत सोडायला यायची. मी खिडकीतून हात हलवायचे, ती हलवायची, बस वळायची. बस वळल्यानंतरचा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"रुळेल तो," मी म्हणाले. "वेळ लागतो. घरी आल्यावर त्याला विचारत जा, कसं होतं म्हणून. तो काही नाही म्हणेल. तरी विचारत जा."

टोबायसनं मान हलवली. त्यानं बाहीनं डोळे पुसले. मलाही पुढचं काही दिसत नव्हतं.

घंटा झाली. रांग आत निघाली. दारावरच्या बाईंनी आमच्याकडे बघून जोरात टाळी वाजवली.

"चला, पालकांनी कुंपणापासून मागं व्हायचं! तुम्ही इथं उभे राहिलात की आतली पोरं रडतात."

आत कुणीच रडत नव्हतं.